फुलं पाठवा, पण दूधवाल्याच्या हाती

"ताई, माझी आई यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. येत्या ३१ मेला ती निवृत्त होते. त्या संध्याकाळी घरच्याच अंगणात छोटा कार्यक्रम आहे, तिचे जुने विद्यार्थी येणार आहेत. मी पुण्यात असते. मला आठवा महिना लागलाय, डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. पहिली ते चौथी मी आईच्याच हाताखाली शिकले, वर्गात तिला 'बाई' म्हणायचे. त्या दिवशी तिच्या हातात ताज्या फुलांचा छानसा बुके पडावा असं फार वाटतं. ॲपवर गावाचा पिनकोड टाकला की 'सेवा उपलब्ध नाही' असं येतं. एक वेबसाइट ऑर्डर घेते, पण मागच्या वर्षी तिच्या वाढदिवसाला तिथून पाठवलेला बुके दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. गुलाबांनी माना टाकलेल्या, आणि फोटोतला बुके तो नव्हेच. दादा म्हणतो, फुलांवर दोन हजार घालण्यापेक्षा साडी पाठव. आई म्हणते, 'कायले पैसा घालवतं बाई, फुलं का खायाले येतात?' आणि एक गोष्ट मी कुणाजवळ बोलले नाही. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून आईने केसात फूल माळलेलं नाही. चारचौघांत तिच्यासमोर फुलं धरली आणि कुणी काही बोललं, किंवा तिलाच अवघडल्यासारखं झालं तर? काय करू?"
– एक लेक, पुणे

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सुटला नाही तर बाकीचं सांगून उपयोग नाही.

फुलं पाठवा. मनात किंतु ठेवू नका. शिक्षिकेच्या हातात दिलेला गुच्छ हा मान असतो. दर शिक्षक दिनाला पोरांनी घरच्या कुंपणावरून तोडून आणलेली फुलं तुमच्या आईने दोन्ही हातांनी घेतली आहेत. बाबा गेल्यावरही घेतली असतील, आणि गावाने ते पाहिलं आहे. त्यामुळे बुके घेताना त्यांना अवघडायला होईल असं मला वाटत नाही. केसातल्या फुलाची गोष्ट निराळी. ती फक्त त्यांची आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, हे सगळं त्या ठरावात होतं. ठराव कागदावर झाला म्हणजे बाईच्या मनातली सहा वर्षं लगेच पुसली जात नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण कुणी कुजबुजलंच, तर तुमच्या दादाला ताठ मानेने उत्तर देता यावं म्हणून हे सांगून ठेवते. आणि शिक्षिकेच्या घरी फुलांवरून कुणी नाक मुरडत असेल, तर त्याला जोतीराव फुल्यांची आठवण द्या. त्यांच्या घराण्याचा धंदाच फुलांचा होता. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारे तेच, आणि १८६३ साली विधवांसाठी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडणारेही तेच.

मे महिना मोगऱ्याचा आहे. बुकेसोबत मोगऱ्याचा एक गजरा ओल्या फडक्यात गुंडाळून वेगळा पाठवा. आदल्या दिवशी फोनवर सहज सांगा, "आई, मोगराही येतोय." बस्स, एवढंच. माळ म्हणू नका, माळू नको म्हणू नका. देवाला वाहतील, उशाशी ठेवतील, नाहीतर खोलीत आरशासमोर उभ्या राहून माळतील. मात्र कार्यक्रमात माइकवरून "आता बाईंना गजरा माळूया" असा उत्साह कुणी दाखवू नये, हे दादाला बजावून ठेवा. भल्या हेतूने केलेली ती जबरदस्तीच होईल, आणि लोकांसमोर नाही म्हणायची पाळी आईवर येईल. अजून एक. औक्षणाची वेळ आली की नात्यातली एखादी काकू "सुवासिनींना पुढे घ्या" म्हणतेच. त्या दिवशी पाटावर तुमची आई बसणार आहे, ओवाळायचं तिलाच आहे, हे वहिनीला आधीच सांगा. बुके हातात कोण देणार तेही ठरवून टाका. मला विचाराल तर आईच्या पहिल्या तुकडीतली एखादी मुलगी, जी आता स्वतःच्या लेकरांना घेऊन येईल, तिने द्यावा.

दादाचं म्हणणंही ठीकच आहे. साडी त्याला घेऊ द्या.

आता मागच्या वर्षी काय बिनसलं ते. फुलांचा हा धंदा मुळात फुलं दूर पाठवण्याचा नव्हे. अमेरिकेत १९१० साली काही फूलवाल्यांनी एकत्र येऊन तारेने ऑर्डर पाठवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक एका गावच्या दुकानात पैसे भरी, तार दुसऱ्या गावच्या दुकानात जाई आणि तिथला फूलवाला आपल्याजवळच्या फुलांचा गुच्छ करून पत्त्यावर पोचवी. प्रवास निरोपाचा व्हायचा, फुलांचा नाही. आजच्या बऱ्याच वेबसाइट याच रीतीने चालतात. तुम्ही पुण्यात पैसे भरता, त्यातला आपला वाटा कापून घेऊन वेबसाइट जिल्ह्याच्या ठिकाणी तिच्याशी जोडलेल्या दुकानाला ऑर्डर देते. त्या दुकानात त्या दिवशी जो माल असेल त्याचाच बुके होतो, म्हणून फोटोशी मेळ बसत नाही. शहरात तो तासाभरात पोचतोही. पण तुमच्या गावी एका बुकेसाठी मोटरसायकलवर पोरगा पाठवणं त्या दुकानदाराला परवडत नाही. तो त्या बाजूला जाणाऱ्या दुसऱ्या कामाची वाट पाहतो, आणि फुलं तोवर कोपऱ्यात पडून राहतात. मधला माणूस काढून टाका. ऑर्डर तालुक्याच्या फूलवाल्याला थेट द्या आणि शेवटच्या आठ-दहा किलोमीटरची सोय स्वतः करा. पैसा फुलांवर थोडा कमी गेला तरी चालेल, पण डोकं या शेवटच्या टप्प्यावर लावा.

आणि दिवस कसला निवडलाय! म्हणजे तो तुम्ही निवडलेला नाही, सरकारी नियमाने आलाय. गावागावांत शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांची जन्मतारीख सरसकट १ जून लिहिली ती पिढी आता निवृत्त होते आहे. एक तारखेचा जन्म असला की वयाची ५८ वर्षं आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी धरतात. म्हणून ३१ मे हा साऱ्या महाराष्ट्रात निवृत्तीचा दिवस, आणि फूलवाल्याकडे शाल-श्रीफळ-बुकेची रांग. यंदा ३१ मे रविवारी आला आहे. शनिवार-रविवार सरकारी ऑफिसं बंद, त्यामुळे पंचायत समितीपासून तहसील कचेरीपर्यंतचे बहुतेक निरोप समारंभ शुक्रवारी २९ तारखेलाच उरकले जातील. शुक्रवारचा उरलासुरला माल रविवारी तुमच्या गळ्यात पडायला नको. ऑर्डर देतानाच सांगा, "शनिवार रात्री किंवा रविवारी पहाटे उतरलेल्या मालातलाच बुके पाहिजे." एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. धोंड्याच्या महिन्यात हिंदू लग्नं फारशी होत नाहीत, त्यामुळे लग्नसराईत फुलांचे भाव चढतात तेवढे चढू नयेत. बौद्ध समाजातली लग्नं मात्र या महिन्यातही होतात, तेव्हा त्या तारखेला गावात मोठं लग्न आहे का हे फूलवाल्याला विचारून घ्या.

राहिलं ऊन. २५ मेला सूर्य रोहिणीत जातो आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. तुमचा कार्यक्रम अगदी त्याच्या पोटात येतो. पुण्यात राहून या उन्हाचा थोडा विसर पडतो म्हणून सांगते. पंचेचाळीस अंशांच्या आसपासच्या वाऱ्यात मोटरसायकलवर अर्धा तास उघडा धरलेला गुलाब पुन्हा वर बघत नाही. फुलाला कापल्यावरही तहान असते. देठातल्या नळ्यांत हवा किंवा जंतू अडकले की पाणी वर चढत नाही, इकडे पाकळ्यांतून ते उडतच राहतं आणि फुलाखालची मान वाकते. मागच्या वर्षी तुमच्या गुलाबांचं हेच झालं. तळेगावकडचे डच गुलाब पॉलिहाऊसमध्ये वाढवलेले आणि थंड खोलीत साठवलेले असतात, त्यांना विदर्भातला मे सोसत नाही. जरबेऱ्याचा देठ पोकळ आणि मऊ, तोही लगेच लवतो. फूलवाले त्यात तार किंवा स्ट्रॉ घालून उभा करतात, पण आतून तो कोमेजलेलाच. या दोघांचा हट्ट धरू नका.

मी निशिगंध घेईन. दुकानदार गुलछडी म्हणेल, कुणी रजनीगंधा म्हणेल. काडीवरची खालची दोन-तीन फुलं उमललेली आणि वरच्या कळ्या घट्ट, अशा पंधरा-वीस काड्या. तो खालून वर उमलत जातो आणि त्याचा वास संध्याकाळी वाढतो, म्हणजे तुमच्या कार्यक्रमाच्या वेळेलाच. पण नुसता पांढरा गुच्छ नको, ताई. बाबा गेलेल्या घरात पांढऱ्या फुलांचा अर्थ लोक भलताच लावतील आणि तुमच्या आईला तो जाणवेल. रंग हवाच. त्यासाठी चार-पाच लाल अँथुरियम आणि जांभळ्या ऑर्किडच्या काही काड्या मागवायला सांगा. ही दोन्ही उष्ण प्रदेशातली झाडं, गुलाबापेक्षा कितीतरी चिवट. अँथुरियम तर नीट ठेवलं तर पंधरवडाभर टिकतं. तालुक्याच्या दुकानात ती बहुधा नसतील. पण नागपूरला सीताबर्डीच्या नेताजी मार्केटमधल्या फूलबाजारातून दोन दिवस आधी सांगितलं तर फूलवाला मागवून देतो. भोवती कामिनीची पानं. झेंडू मला फार आवडतो, पण तो सुटा येतो, देठ आखूड, बुकेत नीट बसत नाही. त्याचं तोरण करून अंगणाच्या दाराला लावायला दादाला सांगा. चमकी मारलेली, रंगाचा फवारा दिलेली फुलं अजिबात घेऊ नका. तुमच्या दोन हजारांत हे सगळं बसायला हरकत नाही.

दुकानाचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. तिथे जुने नंबर असतात आणि खोटेही. आईच्या शाळेतले एखादे शिक्षक तालुक्याला राहत असतील, त्यांना विचारा: "सत्काराचे हार तुम्ही कुठून घेता?" ते ज्याचं नाव सांगतील तो आपला फूलवाला. त्याच्याशी व्हॉट्सॲपवर नाही, फोनवर बोला. तो हातातलं काम करता करता बोलेल. मांडीवर ओलं पोतं, दातात सेलोटेपचा तुकडा, हाताखाली काड्या चढत्या-उतरत्या लागताहेत, आणि कानाला खांद्याने धरलेला फोन. घाई करू नका. त्याला चार गोष्टी नीट सांगा. बास्केट नको, हातात धरायचा बुके पाहिजे. देठ लांब ठेवा, खाली चांदीचा कागद आवळून बंद करू नका, देठ मोकळे राहू द्या, म्हणजे पाण्यात ठेवता येतील. बांधायला सुतळी किंवा केळीचं सोपट वापरा, तार नको. आणि वरचा झगमग प्लास्टिक कागद नकोच, रद्दी पेपर ओला करून गुंडाळा. गजरा शनिवारी नको, रविवारी सकाळी कळ्यांचाच करा, संध्याकाळी घरी उमलू दे.

पैसे अर्धे आधी पाठवा. आधी एक रुपया पाठवून समोर नाव कुणाचं येतं ते बघा आणि त्याला फोनवर विचारून खात्री करा. उरलेले अर्धे बुके तयार झाल्याचा फोटो आल्यावर लगेच पाठवा. तो छोटा माणूस आहे, त्याला दुपारपर्यंत ताटकळवू नका.

आता पोचवायचं कसं. एरवी मी म्हटलं असतं, गावातून तालुक्याला रोज अप-डाउन करणाऱ्या एखाद्या मास्तरच्या नाहीतर बँकेतल्या भाऊच्या हाती संध्याकाळी पाठवा. पण रविवारी अप-डाउनवाले घरीच असतात. काळीपिवळी मिळेल, पण ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरल्यावर त्यात गुच्छाला जागा कुठली? रविवार नसतो तो एका माणसाला, दूधवाल्याला. गावातून पहाटे दूध घेऊन तालुक्याला जातो, घरोघरी वाटतो आणि ऊन चढायच्या आत रिकाम्या कॅन घेऊन परत येतो. तुमच्या घरी दूध घालणारा नसेल तर शेजारच्या गल्लीतला असेल. त्याच्या मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमच्या उंच कॅन लटकलेल्या असतात. त्यातल्या एकीत चार बोटं पाणी आणि तुमचा बुके उभा. कॅनच्या भिंतींनी वारा अडतो, खाली देठांना पाणी मिळतं, वर ओलं फडकं. फुलांसाठी याहून चांगली गाडी त्या रस्त्यावर मला तरी दुसरी दिसत नाही. फक्त कॅन आधी गरम पाण्याने घासून घ्यायला सांगा. दुधाचा अंश राहिला तर त्यात जंतू वाढतात आणि देठाच्या नळ्या बुजतात. यासाठी फूलवाल्याच्या दुकानावर एक धुतलेली कॅन शनिवारीच ठेवून दिली तर उत्तम. दूधवाल्या भाऊंना दादाने नाही, तुम्ही स्वतः फोन करा. बाईंची लेक पुण्याहून बोलते म्हटल्यावर ते नाही म्हणणार नाहीत. कदाचित तेही बाईंच्याच हाताखाली शिकलेले निघतील. मोबदला विचारा, आणि घेत नसतील तर संध्याकाळच्या कार्यक्रमाचं बोलावणं आग्रहाने द्या.

म्हणजे बुके सकाळी नऊ-साडेनऊला घरी येईल आणि कार्यक्रम संध्याकाळी सहाला. मधले साडेआठ-नऊ तास वहिनीकडे. हे तिला नीट समजावून सांगा, कारण इथेच बरेच बुके मरतात. पहिली चूक फ्रिजची. मे महिन्यात आपल्याकडे फ्रिजमध्ये आंबे असतात. पिकणारा आंबा एक वायू सोडतो, त्याने फुलं लवकर गळतात आणि कोमेजतात. शिवाय अँथुरियम आणि ऑर्किडला फ्रिजचा गारठा मानवतच नाही, पाकळ्या काळ्या पडतात. तेव्हा बुके फ्रिजमध्ये नको आणि आंब्याच्या आढीच्या खोलीतही नको. दुसरी चूक कूलरची. कूलरच्या खोलीत ठेवा, तिथली ओल त्यांना चांगली, पण थेट झोतात नको, वाऱ्याने पाकळ्या सुकतात. माठ ठेवलेल्या कोपऱ्यात, वरून ओलं पोतं सोडलेलं, ही जागा सर्वांत बरी. लाइट गेली तरी तिथे गारवा राहतो. आल्याबरोबर देठांची टोकं बोटभर तिरकी कापून घ्यायची, तीही बादलीतल्या पाण्यात बुडवून, म्हणजे नळीत हवा शिरत नाही. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची. लिटरभर पाण्यात चमचाभर साखर आणि अर्धं लिंबू.

आणि पाणी कुठलं, हेही महत्त्वाचं आहे. यवतमाळ जिल्ह्यात बऱ्याच गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. माणसाच्या दातांवर त्याचे डाग दिसतात, आणि ग्लॅडिओलस-जरबेऱ्यासारख्या फुलांच्या कडा त्याने करपतात. तुमच्या बुकेत ती दोन्ही नाहीत, तरी उगाच धोका नको. पिण्यासाठी कॅनचं पाणी येत असेल तर त्यातलंच दोन लिटर फुलांना द्या.

कार्डाचं बोलू. दुकानात छापील इंग्रजी कार्डं मिळतात, ती नकोत. पुण्यात बसून तुमच्या हाताने एका कागदावर लिहा, फोटो काढून दादाला पाठवा, तो झेरॉक्सच्या दुकानातून जाड कागदावर छापून आणेल. आईला तुमचं अक्षर ओळखू येतं. ते तिनेच वळवलंय. काय लिहायचं ते मी सांगणार नाही, पण सुरुवात कुठून करायची ते तुमच्याच पत्रात आहे. चार वर्षं वर्गात तिला "बाई" म्हणालात, आणि शाळा सुटल्यावर त्याच बाईंचा हात धरून घरी आलात. वर्गात तुमचं गणित चुकलं तेव्हा इतरांइतकीच कडक होती का? घरी येऊन मग जवळ घेतलं का? असं काहीतरी, दोन-तीन ओळींत. "निवृत्तीच्या हार्दिक शुभेच्छा" बाकी सगळे म्हणणारच आहेत.

आई "फुलं का खायाले येतात" म्हणते, त्यावर वाद घालू नका. आयुष्यभर पगारातून घर चालवलेल्या बाईला नासणाऱ्या वस्तूवर खर्च करवत नाही. तुम्ही तिला किंमत सांगायचीच कशाला? आणि तिला टिकणारंही काही हवं असेल, तर मोगऱ्याचं एक रोप तालुक्याच्या नर्सरीतून दादाला आणायला सांगा. आत्ता लावू नका, जळेल. कुंडीत सावलीला ठेवा आणि मृग लागून एक-दोन चांगले पाऊस झाले की अंगणात लावा.

फुलं सुकल्यावर ती उकिरड्यावर जाणार, आणि उन्हाळ्यात गुरं मोकळी असतात, चारा कमी. गाय चावून बघत नाही, दिसेल ते ओढते. बुकेतली तार किंवा टाचणी पोटात गेली तर आतून टोचत थेट हृदयापर्यंत पोचू शकते. तार नको हे मी वर म्हटलं ते यासाठीच. तरीही ऑर्किडच्या देठाला प्लास्टिकच्या छोट्या नळ्या येतात, कुठे टाचणी राहून जाते. फेकण्याआधी वहिनीने सगळं सोडवून पाहावं. बास्केट नको म्हटलं त्यामागेही हेच आहे. त्यातला हिरवा स्पंज कुजत नाही आणि गुरांच्या पोटातही विरघळत नाही.

इतकं करूनही कधी नागपूरचा माल येत नाही, कधी दूधवाल्याची गाडी बंद पडते. तशी वेळ आली तर रविवारी दहा वाजता पुण्यात रडत बसू नका. आईच्या वर्गातल्या दोन मुलींच्या घरी फोन करा. सुट्ट्या आहेत, विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, पोरी गावातच असतील. गावात चार घरी मोगरा आहे, कुणाकडे जास्वंद, कुणाकडे देशी गुलाब. उन्हं उतरल्यावर, पाच वाजता तोडायला सांगा, दुपारी नको. कण्हेर तेवढी वगळा, तिचा चीक विषारी असतो आणि लहान लेकरं हात तोंडात घालतात. आंब्याच्या पानांत फुलं बांधायची आणि सुतळीने आवळायची. तुमचं कार्ड दादाकडे छापलेलं असेलच, ते त्यात खोचायचं. एक फोन व्हिडिओवर लावून अंगणात खुर्चीवर ठेवायला सांगा आणि सहा वाजता तुम्ही पलीकडे बसा, पाय वर घेऊन, पाणी पीत. आठव्या महिन्यात तुमचीही काळजी कुणी घेतली पाहिजे.